त्सोंकाबाईंची शिकवणी

आमच्या डॅन्यूबकाठच्या गावातून बाहेर पडायचे मार्ग दोनच, एक बस आणि दुसऱ्या त्सोंकाबाई. बसचा काही भरवसा नाही, बाई मात्र रोज हजर.

अर्धा जन्म त्यांनी शाळेत रशियन शिकवली. कम्युनिस्टांचं राज्य पालटलं तशी रशियन सगळ्यांना नकोशी झाली. मग चाळिशीत त्या स्वतः इंग्रजी शिकल्या आणि पोरांच्या दोन पावलं पुढे राहत तीच शिकवू लागल्या. पुढे पोरंच उरली नाहीत, शाळेला कुलूप लागलं. आता इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालेल्या बायका त्यांच्या स्वयंपाकघरात शिकायला बसतात. मी भिंतीपलीकडची शेजारीण. कान बंद ठेवायची मला सवय नाही.

बाईंचा सगळा जोर क्रियाविशेषणांवर. "अंघोळ घालते, भरवते, हे कुणीही सांगेल," त्या म्हणायच्या. "कसं घालतेस ते सांग. पगार त्याचा मिळतो."

गेल्या थंडीच्या तोंडावर इस्क्रा आली. शिवणकामाचा कारखाना बंद पडलेला, नवरा स्पेनला गेला तो गेलाच. घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई, वेला. इस्क्रा मनाने वाईट नाही, पण हात आडदांड. आईची कूस बदलायची म्हणजे बटाट्याचं पोतं पलटावं तशी पलटायची. इंग्रजी शब्द एका कानाने शिरून दुसऱ्याने बाहेर. इंग्लंडात कामाला पाठवणाऱ्या एजन्सीची बाई फोनवर इंग्रजीची परीक्षा घेते, तिने पहिल्याच खेपेला तिला नापास केलं.

तेव्हा त्सोंकाबाईंनी शक्कल काढली. शिकवणी वेलाच्या खाटेपाशी हलवली. इस्क्राने आईला कुशीवर वळवायचं आणि तोंडाने म्हणायचं, 'जेंटली'. पाठ पुसायची, 'केअरफुली'. केस विंचरायचे, 'स्लोली'. शब्द एक आणि हात भलतंच करतोय असं झालं की पुन्हा पहिल्यापासून. मी सूप घेऊन जायची तेव्हा हा तमाशा बघून मला हसू यायचं. पण हळूहळू इस्क्राचा हात खरंच बदलला. पडून पडून वेलाच्या पाठीवर झालेल्या जखमा सुकू लागल्या. मग मी हसायची थांबले.

एकदा इस्क्रा लाकडं आणायला अंगणात गेली, तशी वेलाने बाईंना जवळ बोलावलं. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, पण बोलणं कळायचं.

"त्सोंके, पोरगी तयार झाली का गं?"

"झालीच म्हणायची. पुढच्या फोनला पास होईल."

"अजून थोडी कच्ची राहू दे," वेला म्हणाली. "उभ्या जन्मात तिने मला असा हात लावला नव्हता."

संध्याकाळी बाई माझ्याकडे येऊन रडल्या. मी म्हटलं, राहू द्या ना कच्ची, आपल्या बापाचं काय जातंय? बाईंनी डोळे पुसले. "इथे राहिल्या तर दोघी गारठून मरतील. ती गेली तर एक तरी जगेल." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण दुसरं काय करायचं तेही मला सांगता आलं नाही.

इस्क्रा पास झाली आणि गेली. वेलासाठी तिने एक बाई लावली. ती सकाळ-संध्याकाळ येते, पण तिच्यामागे आणखी चार घरं, त्यामुळे सगळं धावतपळत. पाठीवरच्या जखमा पुन्हा ओल्या झाल्या.

परवाच्या रविवारी इस्क्राचा त्सोंकाबाईंना व्हिडिओ कॉल आला. तिकडच्या म्हाताऱ्या मालकीणबाईला जेवण भरवत होती. आपण किती छान शिकलो हे तिला बाईंना दाखवायचं होतं. लेकीचं तोंड दिसेल म्हणून बाई फोन घेऊन तशाच वेलाकडे धावल्या, मीही मागोमाग गेले. तिकडे फोन टेकवून ठेवलेला, आता आईही आपल्याकडे बघतेय याचा इस्क्राला पत्ता नव्हता. ती चमच्यावर फुंकर घालत होती, त्या परक्या म्हातारीचा घास गिळून होईपर्यंत थांबत होती, तिची हनुवटी पुसत होती. ती घाई म्हणून करत नव्हती.

चमचा पुन्हा म्हातारीच्या ओठांपाशी गेला आणि इकडे खाटेवर वेलाने तोंड उघडलं.

तिकडची वाटी संपेपर्यंत तिने ते मिटलं नाही.