धुराड्यावरचं मडकं

आत्याचा दमा इतका जुना, की नाना तिच्याआधी जातील असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून महिन्यापूर्वी सांगलीत शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं 'उंब्रजचा फोन हाय' अशी हाक मारली, तेव्हा मी आत्यासाठी रडायच्या तयारीनंच धावलो. फोनवर आत्याच होती. "दिनू, ह्ये गेलं रं..." मी इतका गोंधळलो, की "कुठं?" असं विचारून बसलो. नानांसमोर जन्मभर मी जे काही बोललो, ते साधारण याच लायकीचं होतं.

नाना म्हणजे आत्याचे यजमान, पलटणीतून पेन्शनवर आलेले हवालदार. रजेवर यायचे तेव्हा आत्याचा खोकला त्यांना पाहुण्यासारखा वाटायचा. कायमचे आल्यावर कळलं, की तो घरचाच आहे. स्वयंपाकघराला खिडकी नाही, चुलीत ओल्या काटक्या, आणि भाकऱ्या झाल्या की आत्या भिंतीला टेकून श्वास शोधत बसलेली. नानांनी धुराविरुद्ध लढाईच पुकारली. सकाळी उठल्या उठल्या "हवा आने दो" म्हणत दारंखिडक्या उघडायच्या. बिडीवाला पाहुणा, मग तो व्याही का असेना, अंगणात. देवाची उदबत्तीसुद्धा बंद; देवानं फुलांवर भागवायचं. स्वयंपाकघराची भिंत फोडून त्यांनी खिडकी काढली, तर मांजर दूध पितं म्हणून आत्यानं तिच्यात पोतं कोंबलं. नानांनी पोतं काढून जाळी ठोकली. गॅसला नंबर लावला होता, पण तो काही लागेना. मग छपरातून पाइप काढलेली बिनधुराची चूल घालायचं ठरलं, आणि कॉलेज शिकलेला भाचा म्हणून मला सुट्टीत बोलावणं आलं.

पाइप उभा राहिला, तसा निम्मा गाव बघायला आला. जो तो तोंड भरून कौतुक करायला लागला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. नव्या बांधकामाला दृष्ट लागली तर? संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी एक मडकं काळं केलं, चुन्यानं त्याला डोळे आणि विचकलेले दात काढले, शिडी लावून पाइपच्या टोकावर पालथं घातलं आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून कडेनं चिखल लिंपला. मी कुठलंही काम पक्कं केलं असेल, तर ते एवढंच.

सकाळी आत्यानं नवी चूल पेटवली. नाना शेजारी हात मागं बांधून, निशाण फडकायची वाट बघावी तसे उभे. धूर पाइपात गेला, वर जाऊन विचार बदलल्यासारखा परत आला आणि घर गिळून बसला. मीच ओरडलो, की चूल चुकीची बांधलीय. नाना आत्याला उचलूनच अंगणात घेऊन आले. तिचे ओठ निळसर झाले होते. तिला पुढं वाकवून ते पाठीवर हात फिरवत राहिले, "सावकाश... सावकाश घे..." एवढंच म्हणत. खूप वेळानं तिला श्वास सापडला आणि तिनं पहिलं बोट वर केलं, ते छपराकडं. दात विचकून मडकं आमच्याकडंच बघत होतं.

नाना स्वतः शिडी चढले, मडकं उतरवून माझ्या हातात दिलं. "गड्या, नजर आत शिरू नये म्हणून तू धूरच आत कोंडलास व्हय रं?"

ते मडकं त्यांनी टाकलं मात्र नाही. अंगणात दाराशेजारी मांडलं, त्यात वाळू भरली आणि बिडीची थोटकं विझवायची जागा ठरवून दिली. पुढं मी बिडी ओढायला लागलो, तेव्हा विझवताना दर वेळी ते दात मला बघावे लागत. चूल चांगली चालली, कालांतरानं गॅसही आला. आत्या देवळाची चढण न थांबता चढायला लागली. नाना मागून धापा टाकत यायचे आणि ते वयामुळं, असं सांगायचे... आम्हीही ते खरं मानलं.

परवा उंब्रजला गेलो. नानांचा फोटो जाळीच्या खिडकीशेजारी लावलाय. मी सवयीनं उदबत्त्यांचा जुडगा काढला, काडी ओढली, आणि आत्या नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी मुकाट्यानं अंगणात गेलो, मडक्यातली थोटकं वेचली, वाळूत उदबत्त्या खोचून हात जोडले. डोळे मिटतोय तोवर खिडकीतून आत्याचा आवाज आला.

"दिनू, वारा कुणीकडनं हाय त्ये बघ आदी."

धूर सरळ खिडकीकडं चालला होता. मी मडकं उचललं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.