राहिलेली तीन मिनिटे

काकांना कोणाचीही चूक दुरुस्त करता येत नसे. चूक दिसत नसे असे नव्हे. ते धातुशास्त्राचे अभियंते होते आणि पोलादातल्या केसाएवढ्या भेगा शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. पण इथे, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आम्हा मराठी मंडळींच्या बैठकीत कोणी काहीही ठोकून दिले तरी ते हातातल्या कपाकडे पाहत एवढेच म्हणत, "असेलही." साबुदाणा किती तास भिजवावा इथपासून ग्रीन कार्डाची रांग कधी सरकेल इथपर्यंत प्रत्येक विषयाचे आमच्यात निदान तीन तज्ज्ञ असतात. अशा ठिकाणी हा शब्द फार दुबळा वाटे. मुलांनी त्यांचे नाव 'असेलहीकाका' ठेवले आणि मोठ्यांनी ते उचलले. ते त्यांच्या कानावर गेले होते. एकदा मी ओशाळून त्याबद्दल काही बोलू लागले, तर म्हणाले, "नाव छान आहे, सुनीताबाई. फक्त तो शब्द माझा नाही, उसना आहे." कोणाकडून उसना घेतला, हे विचारण्याचा धीर मला तेव्हा झाला नाही.

धीराच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच कमी. मी एका विमा कंपनीत आकडेमोड करते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत मला ओढले गेले तेव्हा तोंड उघडावे लागणार नाही असे एकच काम शिल्लक होते, ते मी मागून घेतले. ते काम वेळ पाहण्याचे. पहिल्या रांगेत बसायचे, दोन मिनिटे उरली की पिवळे कार्ड दाखवायचे आणि वेळ संपली की लाल. बारा वर्षे मी हेच केले. काकांची आणि माझी ओळख त्यातूनच झाली.

गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना दहा मिनिटे बोलायचे होते, आणि त्याचा फॉर्म भरून घेण्यासाठी मी त्यांच्या घरी गेले. पत्नी गेल्यापासून ते मुलीकडे, ऋचाकडे राहत. ऋचा जन्माने इथलीच, फिजिओथेरपिस्ट. तिने मला थेट मागच्या डेकवर नेले. तिथे हातभर लांबीच्या मातीच्या नळ्या उन्हात ओळीने मांडल्या होत्या आणि काका एकेकीवर बोटाने टिचकी मारून कान देत होते. बहुतेक नळ्यांना तडे गेले होते. "वारुळाची माती हवी," ते म्हणाले, "ती इथं मिळत नाही." या नळ्या भट्टीसाठी होत्या. आफ्रिकेतले लोक शतकानुशतके जशा भट्टीत लोखंड गाळत, तशी एक भट्टी त्यांना मुलीच्या परसात उभारायची होती. पहिल्या प्रयत्नात एवढा धूर झाला की शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाची गाडी बोलावली. ऋचा हे सांगताना कपाळाला हात लावत होती. काकांना मात्र त्या दिवसाचा अभिमान होता. आलेल्या जवानांपैकी एकाने हेल्मेट काढून, आग कुठे आहे हे विसरून, भट्टीची सगळी हकीकत ऐकून घेतली होती. "शेवटपर्यंत ऐकलं त्यानं," असे ते मला त्या एका भेटीत तीनदा म्हणाले.

रविवारच्या मराठी शाळेतही ते कधीमधी येत. इथिओपियातल्या देवळांची चित्रे ते मुलांना दाखवत. ती देवळे एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलेली. "आपलं वेरूळचं कैलास जसं, तसंच," ते सांगत. चुना किंवा माती न वापरता रचलेल्या झिंबाब्वेच्या प्रचंड दगडी भिंती दाखवत, टिंबक्टूच्या घराघरांत पेट्यांमध्ये जपलेल्या हस्तलिखितांविषयी बोलत. एका मुलीने विचारले, "काका, मग आम्हाला स्कूलमध्ये हे का नाही शिकवलं?" काकांनी हातातले चित्र खाली ठेवले. मग म्हणाले, "ज्यांनी लिहून ठेवायचं होतं ना, त्यांनी फॉर्ममध्ये भलतंच लिहिलं." मुलांना ते कळले नाही. मलाही नाही.

गणपतीच्या दिवशी कार्यक्रम लांबला. काकांच्या आधीचे नाटुकले संपता संपेना आणि मागे जेवणाचे ट्रे निवू लागले. अध्यक्ष माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आता सगळ्यांना सातच मिनिटं. तेवढं सांगून टाका." सांगण्याचे काम माझे होते. मी उठले तोवर काका माइकपाशी पोचले होते. भरल्या सभागृहात उठून त्यांच्यापाशी जायचे, चारशे डोळ्यांसमोर त्यांच्या कानात कुजबुजायचे, हे माझ्याने होईना. कार्ड पाहून समजतील, असे मनाशी म्हणून मी पुन्हा खाली बसले.

काकांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवले. "माझी वेळ सुनीताबाईंच्या हातात आहे, म्हणजे काळजी नाही," ते म्हणाले, आणि लोक हसले. ते फार नीट बोलले. पाचव्या मिनिटाला मी पिवळे कार्ड उचलले तेव्हा ते क्षणभर गोंधळल्यासारखे दिसले. सातव्या मिनिटाला मी लाल कार्ड उचलले. ते म्हणत होते, "मग त्या म्हाताऱ्यानं काठीनं जमिनीवर भट्टी काढली, आणि मी..." तिथेच त्यांनी कार्ड पाहिले, वाक्य अर्धे सोडले, नमस्कार केला आणि खाली उतरले. टाळ्या झाल्या. जेवणाची रांग लागली.

त्या रांगेत ते मला शोधत आले. "माफ करा हं, तुम्हाला कार्ड उचलावं लागलं. घरी ऋचानं स्टॉपवॉच लावलं होतं, साडेनऊ मिनिटं भरत होती. इथं फार हळू बोललो वाटतं."

सांगण्याची वेळ तीच होती. मागे लोक होते, पुढे लोक होते. मी म्हणाले, "स्टेजवर होतं कधी कधी तसं."

"असेलही," काका म्हणाले.

ऋचाला कामावर जायचे होते म्हणून त्या दुपारी मी त्यांना घरी सोडले, आणि राहिलेले भाषण त्यांनी गाडीत सांगितले. तरुणपणी, अमेरिकेत येण्यापूर्वी, ते टांझानियात होते. शेतीच्या अवजारांचा कारखाना कुठे काढता येईल, याची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला हाया लोकांचे एक गाव होते. तिथला एक म्हातारा लोहार दुभाष्याला घेऊन त्यांच्याकडे आला. त्याने लहानपणी बापाबरोबर लोखंड गाळले होते. पुढे जहाजांतून स्वस्त लोखंड येऊ लागले आणि भट्ट्या थंड पडल्या. त्याने काठीने जमिनीवर भट्टी काढून दाखवली. वारुळाच्या मातीच्या भिंती, तळाशी जाळलेल्या लव्हाळ्यांचा खड्डा, भोवती बकऱ्याच्या कातड्याचे भाते, आणि भात्यांतून निघून भट्टीच्या पोटात खोलवर गेलेल्या मातीच्या नळ्या.

"मी त्याला दुरुस्त केलं," काका म्हणाले. "नळी भट्टीच्या भिंतीशी संपते, आत जात नाही. पुस्तकात तसंच होतं. मी त्याच्या हातातली काठी घेतली, बुटानं त्याचं चित्र पुसलं आणि बरोबर चित्र काढून दाखवलं. तो बघत राहिला. मग काहीतरी म्हणाला. दुभाष्यानं सांगितलं, तो म्हणतोय, असेलही. मी जीपमध्ये बसलो. फॉर्ममध्ये स्थानिक कौशल्याचा एक रकाना होता. त्यात लिहिलं, 'नाही'."

पुढे बरीच वर्षे गेली. ओहायोच्या उत्तरेला एका पोलाद कारखान्यात, झोतभट्टीत सोडण्याआधी हवा तापवणाऱ्या उंच मनोऱ्यांखाली ते उभे होते. हवा आधी तापवून सोडली की भट्टी कमी कोळशात जास्त पेटते. युरोपात ही युक्ती जेमतेम दोनशे वर्षांची. तिथे उभ्या उभ्या त्यांना त्या नळ्या आठवल्या. भट्टीच्या पोटातून जाता जाता हवा आपोआप तापत होती. म्हातारा बरोबर होता. "काही विद्वान अजून यावर वाद घालतात. घालू देत. मी पत्र लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्याचं नाव मला माहीत नाही. फॉर्ममध्ये नावाचा रकाना नव्हता, म्हणून मी विचारलं नव्हतं."

गाडी त्यांच्या दारात उभी होती. दरवाजा उघडून, एक पाय बाहेर ठेवून ते म्हणाले, "आपल्या माणसांसमोर एकदा मोठ्यानं सांगायचं आहे, एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा वेळ मागेन. आता सातात बसवतो."

कार्यकारिणीशी बोलते, असे मी त्यांना सांगितले. मी बोलले नाही. पुढच्या वर्षी त्या जागी मुलांचा नाच होता, त्याच्या पुढच्या वर्षी फॅशन शो. दोन्ही वर्षी काकांनी मला एकेकदाच विचारले. जमत नाही म्हणताच त्यांनी मान हलवली.

या मार्चमध्ये एका सकाळी ते चहा प्यायला खाली आले नाहीत.

शोकसभेच्या आदल्या दिवशी ऋचाने मला बोलावून एक फाइल समोर ठेवली. त्याच भाषणाचे पाच खर्डे होते, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने वेळ लिहिलेली. पहिला साडेनऊ मिनिटांचा, मग आठचा, सातचा, साडेपाचचा. प्रत्येक वेळी काहीतरी गळत गेले होते. आधी वेरूळ गेले, मग झिंबाब्वेच्या भिंती, मग पोलाद कारखाना. शेवटचा खर्डा चार मिनिटांचा होता, आणि मूळ भाषणाचे अखेरचे वाक्य त्यात सर्वांत वर आले होते: 'मी चुकलो होतो आणि तो माणूस बरोबर होता.'

"पुन्हा थांबवलं तर, म्हणून सॉरी आधी," ऋचा म्हणाली. "त्या दिवसानंतर ते सारखे म्हणायचे, आय हॅव गॉटन स्लो. घरात चालत चालत स्वतःला टाइम करायचे. मेमरी टेस्टसुद्धा करून घेतली, मावशी. नॉर्मल आली. त्यांचा विश्वास बसला नाही."

मी तिला सांगितले. ते हळू बोलले नव्हते, वेळ आम्ही कापली होती, ते त्यांना सांगण्याचे काम माझे होते, आणि नंतर अडीच वर्षे मी ते सांगितले नाही.

ऋचाने खर्डे एकावर एक ठेवले, पुन्हा वेगळे केले. तिने मला धीर दिला नाही, आणि ते योग्यच होते. शेवटी म्हणाली, "हे त्यांना सांगायला हवं होतं, मावशी." थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "उद्या तू वाच. अँड टेल देम धिस टू."

दुसऱ्या दिवशी फ्युनरल होममध्ये मी आयुष्यात प्रथमच माइकसमोर उभी राहिले. समोर मंडळातलीच माणसे होती. काकांचे वर आणलेले वाक्य मी आधी वाचले, आणि त्याच्या पाठोपाठ माझे सांगितले. अध्यक्ष खाली पाहत राहिले. मग मी पहिला खर्डा उघडला. त्यातले एक अक्षरही न गाळता, वेरुळासकट, भिंतींसकट, बिननावाच्या त्या म्हाताऱ्यासकट, सगळा वाचला. मी माझे घड्याळ समोर काढून ठेवले होते.

साडेनऊ मिनिटे लागली.