मुकी कांडी

भट्टी पेटवण्याआधी कासमचाचा कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवायचे. बारीक करकर ऐकू आली की मान हलवायचे आणि मगच भात्याला हात घालायचे. कारंज्यातल्या माझ्या मिठाईच्या दुकानातली सारी पितळी भांडी त्यांच्याच कल्हईची. "भाऊ, कथील बोलते. शिसं मुकं असते. मुक्याले मी भांड्यात येऊ देत नाही," असे ते सांगायचे. कोणी घाई केली तर शांतपणे विडी पेटवायचे. घाई करणाऱ्याचे काम हमखास शेवटी व्हायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे कथील मिळेनासे झाले, त्याच वर्षी मी चॉकलेटची वडी काढली. अमरावतीहून कोकोचे डबे आणायचे आणि खव्यात घोटायचे. वडीने गावाला वेड लावले. कढईची खरवड मात्र माझ्या सात वर्षांच्या कुसुमची. उलथण्याने खरडखरडून ती रोज खायची.

दिवाळी तोंडावर आली आणि कढईची कल्हई उडाली. चाचांनी कुठून तरी एक कांडी मिळवली. एकदा वाकवली, पुन्हा वाकवली.

"मले कायी आयकू येऊन नाही राह्यलं. कान गेले वाट्टे माहे. तुमी पाहा बरं, भाऊ."

मी कांडी कानाशी धरून वाकवली. काहीच ऐकू आले नाही. दारात गिऱ्हाईक ताटकळले होते.

"बोलते की, चाचा. लावून टाका."

दोन-अडीच महिन्यांनी कुसुमच्या पोटात कळा येऊ लागल्या. पोर पांढरीफटक पडली. डॉक्टरांनी तिचा ओठ उलटून हिरड्यांवरची निळसर रेघ मला दाखवली. "शिसं पोटात जातंय. ताबडतोब बंद करा, नाहीतर मुलगी हातची जाईल."

निरोप मिळताच चाचा आले आणि अंगणात बसून कढई खरडू लागले. आत स्वयंपाकघरात बायकोने मला हळूच विचारले, "त्याईले चहा देऊ का?"

"नको, वयनी," चाचा अंगणातून म्हणाले.

त्यांचे कान शाबूत होते. हे त्यांना आणि मला एकदमच कळले. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर त्या कांडीची कल्हई ज्यांच्या भांड्यांना लागली होती, त्यांच्या दारोदार ते हिंडले. "माहे कान गेले, तरी काम केलं. चूक माही हाय. भांडे द्या, खरडून देतो." माझे नाव त्यांनी कुठेही घेतले नाही. मीही गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते. चाचांनी भाता गुंडाळून ठेवला आणि ते बाजारात केळी विकायला बसले.

कुसुम सावकाश बरी झाली. लढाई संपल्यावर एक दिवस चाचा भाता घेऊन दारात आले. मी कांडी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कुसुमला जवळ बोलावले आणि तिच्या कानाशी कांडी वाकवली.

"बोलते का, माये?"

"बोलते, चाचा."

"मंग लावतो."

मरेपर्यंत ते माझ्याकडे कल्हईला येत राहिले, हसून बोलत राहिले. कांडी मात्र त्यांनी माझ्या हातात पुन्हा कधी दिली नाही.