पूर्वकथेचं इतिवृत्त

माझी ताई अवकाशकथा लिहिते, हे आमच्या नातेवाइकांतही फार कुणाला ठाऊक नाही. ती नोएडातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पन्नाशी उलटल्यावर तिनं टोपणनावानं एक लांबलचक गोष्ट लिहिली. एक महाकाय यान, त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं, आणि त्यांचा म्हातारा सेनापती. पुण्यातल्या काही मंडळींनी तिची तीन भागांची ऑडिओबुकं काढली. तिसऱ्या भागाच्या शेवटी यानाला आग लागते, सेनापती आगीच्या बाजूला राहून मधलं दार लावून घेतो, बाकीचे वाचतात, तो मरतो. शेवट आधीच सांगून टाकतोय, कारण पुढचा सगळा गोंधळ या मेलेल्या माणसावरून झाला.

करोल बागेत एका निवृत्त काकांच्या घरी दर शनिवारी दुपारी आम्ही सात-आठ मराठी माणसं जमतो. पूर्वी पुस्तक वाचून त्यावर बोलायचो. काकांची नजर अधू झाल्यापासून पुस्तक ऐकतो. टीपॉयवर स्पीकर ठेवायचा, तासभर ऐकायचं, मग चहा, आणि चहासोबत प्रत्येकानं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. पाळी कुणालाही चुकत नाही. सगळ्यांचं म्हणणं लिहून घेण्याचं काम माझं, कारण मी सरकारी नोकर आणि माझं अक्षर बरं.

ताईची गोष्ट तिथं मीच नेली. लेखिका माझी बहीण आहे हे सांगितलं नाही. पुण्यात एकजण ओळखीचे आहेत, तुमच्या प्रतिक्रिया त्यांच्याकडे पाठवतो, एवढंच म्हणालो. ही अट ताईची होती.

"लेखिका समोर असली की लोक चहाला छान म्हणतात तसं पुस्तकाला छान म्हणतात," ती म्हणाली होती. "तू ऐक आणि मला जसंच्या तसं सांग. काना-मात्रा बदलू नकोस."

मी हो म्हणालो. आता इथं माझ्या नोकरीविषयी थोडं सांगायला हवं. तीस वर्षांपैकी निम्मी मी बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवली आहेत. ऑफिसात आम्ही मिनिट्स म्हणतो. बैठकीत दोन साहेब एकमेकांवर फायली फेकायच्या बेतात येतात, आणि मिनिट्समध्ये येतं, 'सविस्तर चर्चेअंती सहमती झाली'. यात कुणाला खोटं वाटत नाही. वरच्या साहेबाला वाचून झोप लागली पाहिजे, अशी मिनिट्स चांगली. माझी चांगली समजली जातात.

पहिल्या तीन भागांच्या वेळी काही अडलं नाही. गोष्ट लोकांना मनापासून आवडत होती. बारीकसारीक कुरकुर असायची, ती मी गाळायचो. मग पूर्वकथा आली. तिच्यात सेनापती अठ्ठावीस वर्षांचा आहे, एका छोट्या यानावरचा कनिष्ठ अधिकारी. तिथंही आग लागते, तिथंही एक दार आहे. पलीकडून त्याचे अकरा सोबती धावत येत असतात आणि तो दार लावून टाकतो. या वेळी तो स्वतः सुरक्षित बाजूला असतो. हे तो जन्मभर कुणाला सांगत नाही.

पहिल्या शनिवारी स्पीकर बंद झाल्याबरोबर आमच्यातली सगळ्यांत लहान मुलगी बोलली. ती गुरुग्रामला नोकरी करते, जन्म दिल्लीतला.

"एक मिनिट. हा तो मेला होता ना?"

"मेला होता," काका म्हणाले.

"मग परत कसा आला?"

"अगं, ही आधीची गोष्ट आहे. तो तरुण असतानाची," बाईंनी समजावलं. बाई पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, त्यांना सगळेच बाई म्हणतात.

"आधीची आहे तर आधी का नाही सांगितली, यार? आता मला माहितीये तो कसा मरणार. मी टेन्शन कशाचं घेऊ?"

"मला वाटतं तो वाचला असणार," चहाचा ट्रे घेऊन काकू आल्या. "आगीतून वाचतात माणसं. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तुला प्रत्येकजण वाचायलाच हवा असतो," काका म्हणाले.

"मग काय मारायला हवा?"

मीही गोंधळलो होतो. ताईनं हे का लिहिलं असेल, मला कळत नव्हतं. आठ शनिवार हेच चाललं. एकानं तर मध्येच विचारलं, की आपण चुकून दुसरीच मालिका लावली नाही ना.

दाराचा प्रसंग आला त्या शनिवारी चहा निवत राहिला. शेवटी काका म्हणाले, "मला हा माणूस आता आवडत नाही. तीन भाग आवडत होता. कशाला सांगितलं हे?"

बाई म्हणाल्या, "मी पहिला भाग परत ऐकायला घेतला काल. त्यात तो यानावरच्या मुलांशी हसून बोलतो ना, ते ऐकवेना. आता आधीचं खरं धरायचं की हे, ते समजत नाही."

"मला बिल्कुल समजलं नाही त्यानं दार का लावलं," मुलगी म्हणाली. "दोन मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"घाबरला," काकू म्हणाल्या.

"बस? एवढंच?"

"एवढंच पुरतं गं."

हे सगळं मी बैठकांच्या जुन्या विषयपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर खरडून घेतलं. सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी बसून पक्कं लिहिलं आणि ताईला पाठवलं: 'पूर्वकथेमुळे सेनापतीच्या व्यक्तिरेखेला नवी उंची प्राप्त झाल्याची भावना श्रोत्यांनी व्यक्त केली. दाराच्या प्रसंगावर सखोल चर्चा झाली.' दुसरं वाक्य तसं खरंच होतं. पहिलं मी कुठून आणलं, आज आठवत नाही. हात आपोआप चालला. आठही शनिवार तो असाच चालला होता.

पण केवळ हाताच्या सवयीवर ढकलून मला सुटता येणार नाही. मी वीस वर्षांचा असताना ताईनं एक गोष्ट लिहिली होती. मला ती तिच्या उशीखाली सापडली. घरी मावसभावंडं आली होती, त्यांच्यासमोर मी ती आवाज काढून वाचून दाखवली. सगळे हसले. ताईही हसली आणि चहा टाकायला उठून गेली. त्यानंतर तिनं तीसेक वर्षं काही लिहिलं नाही. तिचं लग्न झालं, मुलं झाली, शाळा होती, कारणं पुष्कळ असतील. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं उत्तर दिलं असतं, ही भीती होती. आता ती पुन्हा लिहू लागली होती आणि तिच्याबद्दलचं एकही वाकडं वाक्य माझ्या हातून तिच्याकडे जाऊ नये, असं मला वाटत होतं.

पुढच्या बुधवारी तिचा फोन आला.

"ऑडिओबुकच्या ॲपवरच्या प्रतिक्रिया वाचल्या मी," ती म्हणाली. "लोक पार गोंधळलेत. कुणी म्हणतं आधीचे तीन भाग नासले. कुणी विचारतं पूर्वकथा आधी ऐकायची की नंतर. एकानं लिहिलंय, सेनापतीला पुन्हा मारा. आणि तुझ्या करोल बागेत एकही माणूस कुठं अडखळला नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे मी लिहिते ते त्या सात-आठ जणांसाठी, असं समजायचं. ॲपवाल्यांचा विचार सोडला मी. याच्याही आधीची एक पूर्वकथा सुचतेय. शाळा सांभाळून होणार नाही ती. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देते. आणि शनिवारी मी तुझ्याबरोबर येते. एकदा बघायचंय त्यांना."

"अच्छा," मी म्हणालो. बहिणीनं तीस वर्षांची नोकरी सोडायचं सांगितल्यावर माझ्या तोंडून हा एवढा शब्द आला. तिला ते शिकवणं आवडतं. दहावीची मुलं तिला 'मॅम, ब्लॅक होल' असं नुसतं म्हणून वर्गात अर्धा तास भरकटवतात, हे ती किती कौतुकानं सांगते. आणि ती ते सोडणार होती, कुणीच न उच्चारलेल्या वाक्यांच्या भरवशावर.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर विषयपत्रिकांचं बाड पिशवीत घालून मेट्रोनं नोएडाला गेलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मिनिट्ससारखंच होत होतं. शेवटी काही न बोलता बाड तिच्या हातात दिलं.

तिनं वरचा कागद पाहिला. "पार्किंगच्या जागेचं पुनर्वाटप. हे काय आहे?"

"पाठीमागून वाच."

ती वाचत बसली. एक-एक कागद उलटून, शाळेचे पेपर तपासते तशी. काकूंच्या 'मग काय मारायला हवा?' ला ती मोठ्यानं हसली, आणि मला वाटलं निभावलं. मग ती शेवटच्या शनिवारापाशी आली. तो कागद तिनं दोनदा वाचला.

"'एवढंच पुरतं गं.' हे त्या काकू म्हणाल्या?"

"हो."

"आणि तू मला काय पाठवलंस?"

"सखोल चर्चा झाली."

तिनं कागद नीट जुळवून ठेवले. "उशीखालची गोष्ट आठवते तुला?"

तिला आठवत असेल हे माहीत होतं. ती कधी बोलून दाखवेल असं वाटलं नव्हतं. मी मान हलवली.

"फार राग आला होता. पण तेव्हा तू एकही शब्द बदलला नव्हतास."

मी चुकलो म्हणालो. तेव्हाही आणि आताही, असं दोन्हीचं मिळून म्हणालो, आणि ते तिला वेगवेगळं हवं होतं का, कोण जाणे. अर्जाचं काय, असं विचारलं.

"ते तू विचारू नकोस," ती म्हणाली आणि मला जेवायला वाढलं.

शनिवारी ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती आली. माझी थोरली बहीण, एवढीच ओळख करून दे, असं तिनं जिन्यातच बजावलं. गुरुग्रामच्या मुलीच्या हट्टापायी त्या दिवशी दाराचा प्रसंग पुन्हा लावला होता. स्वतःचीच वाक्यं स्पीकरवर चालली असताना ताई खिडकीपाशी मान खाली घालून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. चहाच्या वेळी मुलीनं तेच दोन मिनिटांचं पुन्हा विचारलं आणि काकूंनी पुन्हा 'घाबरला' म्हटलं.

"ताई, तुम्ही आज नव्या," काका म्हणाले. "पण पाळी चुकत नाही इथं."

"मलाही कळलं नाही त्यानं दार का लावलं," ताई म्हणाली.

"देखा?" मुलगी म्हणाली. "मी एकटीच ढ नाहीये."

ताई काकूंकडे वळली. "तुम्ही म्हणालात तो घाबरला. ही म्हणते दोन मिनिटं थांबायचं होतं. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं केवढी वाटतात?"

"अहो, तो कुठं मिनिटं मोजतो?" काकू पदरानं हात पुसत बसल्या. "त्याला वाटत असतं आपण केव्हाचे थांबलोय. पुष्कळ थांबलोय. आता आपल्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही, असं वाटतं त्याला. मग कडी घालतो. आणि नंतर जन्मभर ते घड्याळ लावून बघत बसतो, की खरंच किती थांबलो होतो."

"म्हणजे तुझी सहानुभूती आहे त्याला?" काकांनी विचारलं.

"सहानुभूती कुठं म्हटलं मी? घाबरला म्हटलं."

ताई विचारत गेली आणि काकू सांगत गेल्या. बाईंचं काकूंशी पटलं नाही, त्यांनी तसं सांगितलंही. मी पेन उघडून बसलो होतो. काय उतरवावं कळत नव्हतं, कारण ज्या माणसासाठी उतरवायचं तेच समोर बसून ऐकत होतं. काकांनी कान टवकारले. "खिडकीकडूनही खरखर येतेय. आज दोन पेनं चालतायत का?" ताईच्या मांडीवर शाळेची वही होती आणि ती भराभर लिहीत होती. माझं पेन तर थांबलेलं होतं. एकच चालत होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सोमवारी दिवसभर मी तिच्या निरोपाची वाट पाहिली. मंगळवारी फोन केला, ती वर्गात होती. तीन आठवड्यांनी तिनं बोलता बोलता सांगितलं, की अर्ज दिलेला नाही. कदाचित देईनही, म्हणाली. पण नवी पूर्वकथा बाजूला ठेवली आहे आणि आहे त्याच दारापाशी परत बसली आहे. हे चांगलं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. माझ्या मिनिट्समुळे ती नोकरी सोडून बसली असती, हे खरं. पण त्याच मिनिट्समुळे तिला आठ शनिवार वाटलं होतं, की कुठंतरी आपलं सगळं कळणारी माणसं आहेत. ते मी दिलं होतं आणि मीच काढून घेतलं. तिनं मला माफ केलंय का, हेही विचारलेलं नाही.

आता ती दर शनिवारी नोएडाहून येते. लेखिका कोण ते तिथं अजून कुणाला माहीत नाही. सांगून टाकू या, असं मी दोनदा म्हणालो. "आत्ता नको, बोलायचे थांबतील," ती म्हणते. म्हणजे एक खरं सांगून मी दुसऱ्या लपवालपवीत येऊन बसलो आहे, आणि या वेळी ती माझ्या शेजारी बसलेली असते.

निघताना काका नेमानं विचारतात, "काय रे, पुण्याला पाठवतोस ना आमचं म्हणणं? का तसंच ठेवतोस?"

मी ताईकडे बघतो. ती चपला घालत असते, वर बघत नाही.

"पोचतं काका," मी म्हणतो. "जसंच्या तसं."