रुखमिनआजीची पात

"ए म्हातारे, उद्यापासनं येऊ नको. मरायचं असंल तर आपल्या घरी मर. माझ्या बांधावर नको."

मालक छत्री लावून बांधावर उभा होता. रुखमिनआजी सोयाबीनच्या मधोमध उकिडवी, हातात खुरपं. बाकीच्या चौदा जणी काम संपवून बांधाला लागल्या होत्या. ती एकटीच मागं राहिलेली. मालक आपल्याच बोलण्यावर हसला. म्हणून दोन-तीन बायाही हसल्या. हसावं लागतं. मी नववीत होते. पाण्याची कळशी घेऊन उभी होते. मीही हसले.

आमचं गाव उमरगा तालुक्यातल्या मुरुमजवळ. जमीन नाही. वडील दुसऱ्याच्या शेळ्या राखतात, आई खुरपायला जाते. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. मालकाच्या पोरीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून आई मला वही शिवून द्यायची. ती पानं देताना मालकीण म्हणायची, "शिकून काय कलेक्टर होणार हाय व्हय गं ही?" आई म्हणायची, "न्हाय बाई." मी शेजारी उभी असायची.

खुरपायला बाया एका रांगेत बसतात. प्रत्येकीनं पिकाच्या दोन-तीन ओळी धरायच्या आणि गवत काढत पुढं सरकायचं. ती तिची पात. मागं राहिली की मालकाच्या डोळ्यावर येते. डोळ्यावर आली की दुसऱ्या दिवशी बोलावणं नाही.

दुसऱ्या दिवशी बाया आजीला तरीही घेऊन आल्या आणि त्यानंतर तिला कुणी कडेला बसू दिलं नाही. मध्ये घेतलं. एका अंगाला माझी आई, दुसऱ्या अंगाला सुमनकाकू. दोघी आपली पात ओढता ओढता आजीच्या ओळीतलं निम्मं गवत काढायच्या. पंधरा जणी एकदमच बांधाला. पोटुशी बाई असली तरी असंच करतात. माझ्या वेळी आई नवव्या महिन्यापर्यंत अशीच पातीवर होती. याला आमच्यात नाव नाही. कुणी ते बोलत नाही. बोलायचंच नाही, तर नाव कशाला?

मी बी.ए. झाले. उमरग्याला बसनं ये-जा करून. घरात पहिली, गल्लीत पहिली. हे मी मान वर करून सांगते.

कॉलेजातल्या सरांच्या ओळखीनं काम मिळालं. टीव्हीवर कष्टकरी बायकांच्या रोजच्या जगण्यावर एक विनोदी मालिका चालू होती. लिहिणारी माणसं मुंबईची. त्यांना आमच्याकडचं बोलणं सांगणारी कुणीतरी पाहिजे होती. रोज दुपारी मोबाइलवर व्हिडिओ कॉल. घरात रेंज नाही, म्हणून मी गावच्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसायची. समोर चार-पाच चेहरे. त्यातल्या मोठ्या लेखिकेला सगळे मॅडम म्हणायचे.

"हे वाक्य तुझ्या भाषेत बोल ना," मॅडम म्हणायच्या.

मी बोलायची. ते हसायचे.

"परत एकदा! काय गोड बोलते ही!"

मी परत बोलायची. नंतर नंतर मीच जरा जास्त ठसक्यात बोलायला लागले. हसले की बरं वाटायचं. वाटायचं, आपण त्यांच्यातलेच झालो. हे लिहायला लाज वाटते, पण होतं तसं लिहिते.

एकदा मॅडम म्हणाल्या, "काहीतरी खरं सांग. आतलं. जे आम्हाला इथं बसून सुचणारच नाही."

मी आजीची पात सांगितली. अभिमानानं सांगितली. मला वाटलं, यांना कळेल आमच्या बाया काय आहेत. मग मॅडम म्हणाल्या, "सोनं आहे हे, सोनं!"

तो भाग लागला त्या संध्याकाळी आईनं खोली सारवल्यासारखी लख्ख झाडली. सगळ्या बायांना बोलावलं. "माझ्या पोरीनं सांगितल्यालं हाय आजच्याला," म्हणाली. आजीला सगळ्यांत पुढं बसवलं.

पडद्यावर बाया खुरपायला आल्या.

"आगं बया, ह्यांच्या लुगड्याला चिखूल कसा न्हाय?" सुमनकाकू म्हणाली.

"इस्तरी करून खुरपाय आल्यात!"

खोली खदखदली. आजीही हसली.

मग पडद्यावरची म्हातारी झाडाखाली जाऊन बसली. मशेरी लावत, पाय पसरून. दोघी जणी तिची पात ओढायला लागल्या आणि ती मालकाला वाकुल्या दाखवायला लागली. मालक भोळा, चष्मा पुसणारा, बायांना साखरेचा चहा पाजणारा. शेवटी चोरी पकडली जाते. बाया लुगडी खोचून एकामागं एक पळतात. मागं पिपाण्या वाजतात. हशा.

आमच्या खोलीत कुणी हसलं नाही.

आजी मागं वळली. मला म्हणाली, "ही म्या हाय का गं?"

मी पडद्याकडंच बघत राहिले.

"म्या कवा बसले झाडाखाली?"

ती उठून गेली. एकेक करून सगळ्या गेल्या. आईनं टीव्ही बंद केला आणि भाकरी करायला बसली.

दुसऱ्या दिवशी आई कामावरून आली. हातपाय न धुता उंबऱ्यावर बसली. मग सांगितलं. मालक सकाळीच बांधावर आला होता. रोज कुणी कुठं बसायचं हे बायाच ठरवतात. त्या दिवशी त्यानं ठरवलं. आजीला पार कडेला बसवलं आणि तिच्या शेजारच्या ओळी मोकळ्या ठेवल्या. दुपारपर्यंत ती निम्म्यावरही आली नाही. "टीव्हीवर दावलंय समदं," तो म्हणाला. "इतकी वर्सं मला येडं समजत व्हता व्हय?" आजीनं खुरपं पिशवीत टाकलं आणि चालत घरी गेली. आजीला कुणी नाही. खुरपं आहे.

"तू सांगितलंस त्यास्नी?" आईनं विचारलं.

"व्हय."

"कशाला?"

मला रडू आलं नाही. कुणीतरी अंगावर ओलं पोतं टाकावं तसं झालं होतं. ऐकू येत होतं, दिसत होतं, लागत काहीच नव्हतं.

तशीच दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीवर गेले. सवयीनं. मॅडम खुशीत होत्या.

"अगं, लोकांना जाम आवडला तो भाग! आता आपण जाहिरात करतोय. तू कॅमेऱ्यासमोर बोलायचं, अस्सल गावाकडची मुलगी म्हणून. आणि ती म्हातारी खरीच आहे ना? तिलाही घेऊन ये. नुसती बसव झाडाखाली. धमाल!"

"न्हाय," मी म्हणाले.

"बघा, बघा, कसं म्हणाली!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबले. पहिल्यांदाच. मग म्हणाले, "त्या भागामुळं तिचं काम गेलं. ती कधी झाडाखाली बसली नव्हती. मी तसं सांगितलं नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "आपण कुणाचं नाव घेतलंय का? विनोद आहे तो. तू फार मनाला लावून घेतेस. आणि हे बघ, तुझ्यासारख्या मुलींना अशी संधी परत मिळत नसते."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

मी फोन ठेवला. परत उचलला नाही.

संध्याकाळी मी आई सोडून बाकीच्या चौदा जणींच्या घरी गेले. दारात उभी राहून एकच वाक्य बोलले, "ते मी सांगितलं होतं." सुमनकाकू म्हणाली, "शिकल्याली हैस म्हून आमाला इकलंस व्हय गं?" मी ऐकून घेतलं. आजीनं दार उघडलं नाही.

सकाळी आईच्या मागं शेतावर गेले. खुरपं घेऊन. मालकाला म्हणाले, "टीव्हीवर आलं ते माझ्या तोंडचं, आणि त्यांनी ते खोटं करून दाखवलंय. आजीचं गवत बाया काढतात, हे खरं. तुमचं रान स्वच्छ होतं, हेही खरं. पंधरा जणी येतील. नाहीतर एकही नाही."

मालक आईला म्हणाला, "पोरीला आवर."

आई आयुष्यभर त्याच्याशी खाली बघून बोललेली. ती म्हणाली, "आवरायचं काय हाय त्यात? चला गं."

चौदा जणी बांधावरून उतरून घराकडं चालू लागल्या. सुमनकाकू सगळ्यांत आधी. माझ्याकडं न बघता.

पावसानं उघडीप दिली होती आणि गवत सोयाबीनच्या वर निघालं होतं. मालकानं दुसऱ्या गावातून बाया आणायचं बघितलं. त्यांचीही खुरपणी चालू होती, कुणी आलं नाही. तीन दिवस आमची चूल आईनं कशी पेटवली ते तिला माहीत. चौथ्या दिवशी मालकाचा गडी निरोप घेऊन आला, "समद्या या म्हणालेत."

आता रुखमिनआजी कामाला जाते. आई आणि काकू तिचं गवत मालकाच्या डोळ्यांदेखत काढतात. लपवत नाहीत. आजी माझ्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही. मालिका चालूच आहे, लोक हसतात. माझ्या जागी दुसरी कुणीतरी बसली असेल. मी मुरुममध्ये शिकवणी घेते आणि लिहिते. आमच्या बायांबद्दलचा एक शब्दही आता त्यांना विचारल्याशिवाय गावाबाहेर जाणार नाही.

हे लिहिलेलं पंधरा जणींना बसवून वाचून दाखवलं. आजीनं तिचं खरं नाव बदलायला लावलं आणि दोन वाक्यं काढायला लावली. काढली.