‘घेतली असेल तर एक दाबा’

परवा चौसाळ्याला माहेरी गेले होते. भावाचं हायवेला किराणा दुकान आहे, तिथे आम्ही दोघं गप्पा मारत बसलो होतो... म्हणजे तो गिऱ्हाईक बघत होता आणि मी बोलत होते.

तेवढ्यात चहापत्ती घ्यायला आलेले एक गृहस्थ थबकले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "ताई, तुमी त्या गोळीवाल्या का?"

आता हे जरा समजावून सांगायला हवं. मी बीडला लग्नांमध्ये, कार्यक्रमांमध्ये निवेदन करते. ‘जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये’ आणि ‘गेटसमोरची पांढरी गाडी काढून घ्यावी’ ही माझी गाजलेली वाक्यं. घरचे मात्र माझ्या आवाजाला भांडी पडल्याचा आवाज म्हणतात.

तर गेल्या वर्षी आरोग्यावर संशोधन करणारी काही मंडळी आली. बीपीच्या पेशंटना रोज सकाळी फोन जाणार, त्यावर माझा रेकॉर्ड केलेला आवाज. ‘नमस्कार आई, आज बीपीची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा.’ दोन दाबलं की गावातल्या आशा सेविकेला मेसेज जाणार, त्या आशाताई घरी जाऊन चौकशी करणार. मला तर ही कल्पना फार आवडली होती.

पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांना ते मास्तरणीसारखं वाटलं. "मॅडम, जरा मायेनं विचारा ना." मग मी माझ्या आईला डोळ्यांसमोर आणलं आणि अशी काही माया ओतली, की रेकॉर्डिंगवालेही खूश झाले.

तोच आवाज या माणसाने दुकानात ओळखला होता! मी भावाकडे बघून भुवया उडवल्या... बघ म्हटलं, बहिणीची कीर्ती कुठवर गेलीय. त्याने लगेच ओळख करून दिली. हे सोपानभाऊ, मेंढपाळ, मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असतात. घर इथून मागेच.

सोपानभाऊ तर लई खुशीत होते. "तुमचा फोन कदी चुकू दिला न्हाई ताई. मेंढरं पांगली तरी चालतील, पर आदी एक दाबतो."

मी म्हटलं, वा, आईला अगदी आठवणीने गोळी देता म्हणजे. तर ते हसले. "आई घरी असती की. फोन माज्यापाशी, मी रानात."

मला क्षणभर काही कळेचना. मग आईने गोळी घेतली हे तुम्हाला कसं कळतं, असं विचारलं.

"ते कुटं कळतंय? पर तुमी रोज इतक्या मायेनं इचारता... न्हाई कसं म्हणावं? कुणाचं मन काहून मोडायचं?"

भाऊ खो खो हसला. मीही हसले... खरंच हसले. आणि हसता हसताच विचारलं, आता कशी आहे आई?

"पोळ्याच्या टायमाला एक अंग गेलं तिचं. बोलणंबी जड झालंय." चहापत्तीचा पुडा पिशवीत टाकत ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, कुणावर राग नव्हता.

डोकं जड झालं तरच ती गोळी घ्यायची, उतरलं की बंद, असं त्यांच्याच बोलण्यातून कळलं. आशाताई त्याच आळीत राहतात... पण त्यांना कधी मेसेज गेलाच नाही. कारण दोन कुणी दाबलंच नव्हतं. तिकडे कॉम्प्युटरवर त्या माऊलीची एकही गोळी चुकलेली नव्हती.

फोन अजून येतो का, म्हणून विचारलं. "येतो की. दाबतो एक."

मला राहवेना. त्यांच्याबरोबर घरी गेले. म्हातारी बाजेवर पडून होती. "आये, गोळीवाली ताई आली बग," सोपानभाऊ तिच्या कानाशी म्हणाले. तिला काही उमगलं नाही... आणि कसं उमगणार? जिला मी रोज विचारत होते, तिने माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

मी बाजेवर टेकले, तिचा बरा हात हातात घेतला आणि तेच विचारलं. "आई, गोळी घेतली का?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग कसाबसा एकच शब्द आला... "न्हाई."

आजची गोळी म्हणायची होती की आधीच्या सगळ्या, कुणास ठाऊक. सून लगबगीने पाणी आणि गोळी घेऊन आली. सोपानभाऊ तोंड फिरवून दाराकडे बघत राहिले. मला तर रडूच फुटलं.

बीडला आल्या आल्या त्या संशोधनवाल्यांना सगळं सांगितलं. आता ते आधी फोन कुणाच्या हातात आहे ते विचारणार आहेत. आणि मी हट्टाने माझ्या आवाजात एक वाक्य वाढवून घेतलंय. ‘गोळी घेतली नसेल तरी खुशाल सांगा, मला वाईट वाटणार नाही.’

किती साधं वाक्य होतं... पोळ्याच्या आधी सुचायला हवं होतं. आता वाईट वाटतंच आहे. पण ते कुणी ‘न्हाई’ म्हटल्याचं नाही, माझ्यासाठी रोज ‘हो’ म्हटल्याचं.