गिरणीतल्या कॉम्प्युटरचा हार

भाताच्या कोंड्याचा वास आला की पळसदरीची ती गिरणी आठवते. तिथल्या हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्याच्या नव्या आवृत्तीने जुने कॉम्प्युटर वगळले, तेव्हा ते सांभाळणाऱ्या परदेशी माणसाला मी ऑनलाइन, चारचौघांत नको ते सुनावलं. "फुकट राबतो, वर शिव्या खातो," असं लिहून तो काम सोडायला निघाला. गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, "भांडून काय मिळनार रं? त्येला दसऱ्याचा फोटो धाड. आमी कसं जपतो ते बघू दे." फोटोत कॉम्प्युटरला हळदकुंकू आणि झेंडूचा हार होता. माफी मागून मी तो पाठवला. आठवड्याने त्याचं उत्तर आलं, "जुन्या कॉम्प्युटरचं मी बघतो, पण प्रत्येक आवृत्ती त्यावर चालवून, तपासून तुम्ही द्यायची." अजून प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्या गिरणीत चालते, आणि मी केसांत भाताचा कोंडा घेऊन घरी येतो.